फुकट आलेल्या माशांबद्दल प्रश्न विचारायचे की नाही?

पत्र थोडक्यात असं आहे. एका ग्रुपचं दरवर्षी एक जेवण असतं, त्याची कूपनं विकून जमलेले पैसे मुलांच्या अभ्यासिकेला जातात. यंदा रात्रीच्या जेवणाला २०० च्या आसपास माणसं येणार आहेत. ओळखीतल्या एका मत्स्यशेतीवाल्यांनी १२० किलो तिलापिया फुकट देऊ केलाय, आदल्या संध्याकाळी तळ्यातून काढून अख्खाच आणून देणार. त्यावरून ग्रुपमध्ये तट पडलेत. काही जण म्हणतात तळ्यातला मासा नकोच, त्याला औषधं आणि हार्मोन देतात, शिवाय मातकट लागतो. काही जण म्हणतात फुकट मिळतंय तर प्रश्न कसले विचारता. आणि वर्षानुवर्षं स्वयंपाक सांभाळणारे एक काका म्हणतात, आदल्या रात्री सगळे बसून साफ करू, मसाला लावून झाकून ठेवू, सकाळी रस्सा करू, संध्याकाळी गरम करून वाढू, एवढी वर्षं असंच केलं, कुणाला काही झालं नाही. मासा नीट साफ करता येणारे दोघंच आहेत, एक काका आणि एक ताई, बाकी सात-आठ जण हौशी. पत्र लिहिणारी यंदा पहिल्यांदाच या सगळ्याची प्रमुख आहे. तिला काकांच्या पद्धतीची धास्ती वाटते, देणाऱ्याला प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, आणि शेवटी ती विचारते की मासे नाकारून सरळ दुसरं काहीतरी करू का, म्हणजे कुणाचंच मन दुखणार नाही.

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते. मासे नाकारले तर कुणाचंच मन दुखणार नाही असं तुम्हाला वाटतंय, मला मात्र तसं वाटत नाही. ज्याने महिनोन् महिने सांभाळलेला माल काढून द्यायची तयारी दाखवली त्याला का नको म्हटलं हे कळणारच नाही, काकांना वाटेल आपल्यावरचा विश्वास उडाला, आणि औषधं-हार्मोन म्हणणाऱ्यांना वाटेल आपलंच बरोबर होतं, खरं काय ते कुणी तपासलंच नाही. नाकारणं हा पर्याय आहेच आणि तो कधी घ्यायचा तेही सांगते, पण भांडण टाळायला म्हणून घेऊ नका.

आधी त्या तळ्यातल्या माशाचं बघू, कारण बरीच माणसं तिथेच अडतात. जगभरात आता पाळलेला मासा हा काही कोपऱ्यातला प्रकार राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये मासे, कोळंबी, शिंपले वगैरे जलचरांचं पाळून घेतलेलं उत्पादन पहिल्यांदाच समुद्र-नद्यांतून पकडलेल्यापेक्षा जास्त झालं, साधारण ९.४४ कोटी टन, म्हणजे एकूणातला ५१ टक्के. त्यामुळे तुमच्या ग्रुपमध्ये जे ठामपणे 'आम्ही खात नाही' म्हणतायत त्यांनीही कुठे ना कुठे तो खाल्लेला असण्याची शक्यता बरीच आहे. याचा अर्थ सगळा पाळलेला मासा चांगलाच असतो असं नाही, चांगल्या तळ्यातला चांगला आणि वाईट तळ्यातला वाईट, इतकं साधं आहे ते.

हार्मोनची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही, त्यामुळे ती अफवा म्हणून झटकू नका. तिलापियाच्या माद्या लवकर अंडी घालायला लागतात, तळ्यात पिल्लंच पिल्लं होतात आणि मग कुठलाच मासा नीट वाढत नाही. म्हणून बऱ्याच हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथे, अगदी बारीक पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे हार्मोन मिसळलेलं खाद्य देतात, म्हणजे जवळजवळ सगळे नर तयार होतात. खाद्य बंद झालं की ते हार्मोन काही दिवसांत शरीरातून निघून जातं, आणि मासा ताटात येतो तो त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. हे जसंच्या तसं ग्रुपमध्ये सांगा. ज्याला तरीही नको असेल त्याने खाऊ नये, त्याचा मान ठेवा, पण सगळ्या जेवणाचा निर्णय त्यावर नको.

औषधांचा प्रश्न जास्त खरा आहे. मासा आजारी पडला की अँटिबायोटिक देतात आणि दिल्यानंतर ठराविक दिवस तो विकायचा किंवा खायचा नसतो, प्रत्येक औषधाचा हा काळ वेगळा असतो. शिवाय मॅलाकाइट ग्रीन नावाचा एक हिरवा रंग आहे, बुरशीवर आणि परजीवींवर चालतो म्हणून वापरला जायचा, खायच्या माशांसाठी त्यावर युरोप-अमेरिकेसकट अनेक देशांत बंदी आहे आणि तरीही अधूनमधून तो सापडतो. या दोन गोष्टी विचारल्याशिवाय मासे घेऊ नका. इथेच तुमचा संकोच आडवा येतो ना? फुकट देणाऱ्याला काय विचारायचं, हा.

ताई, हा संकोच मला समजतो, पण त्यामागे एक गृहीत आहे ते तपासून बघा. तुम्ही धरून चाललाय की प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं. नीट मत्स्यशेती करणाऱ्या माणसाला पाणी कधी बदललं, खाद्य कुठलं, औषध शेवटचं कधी दिलं हे कुणी विचारलं तर राग येत नाही, उलट बरं वाटतं, कारण त्याच्या कामाबद्दल इतकं बारीक सहसा कुणी विचारतच नाही. आणि समजा तो चिडलाच, 'फुकट देतोय तर घ्या नाहीतर सोडा' म्हणाला, तर नाकारायची वेळ हीच. नाकारायचं दुसरं कारण म्हणजे औषध नुकतंच दिलंय, किंवा 'आठवत नाही' असं उत्तर आलं. तिसरं कारण, मासे बर्फाशिवाय येणार असतील आणि बर्फाची सोय तुम्हालाही करता येणार नसेल. ही तीन कारणं सोडली तर मासे घ्या असंच मी म्हणेन.

विचारताना चौकशी अधिकाऱ्यासारखं विचारू नका, आपल्या अडचणीतून विचारा. 'आमच्याकडे म्हातारी माणसं आणि लहान मुलं जेवायला येणार आहेत, त्यामुळे मला सगळ्यांना नीट उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून विचारते' एवढं म्हटलं की पुरे, आणि ते खरंही आहे. जमलं तर लेखी घ्या, साध्या मेसेजवर चालेल, की कुठल्या दिवशी कुठल्या तळ्यातून काढले आणि शेवटचं औषध कधी दिलं. आणि कूपनावर किंवा जेवणाच्या जागी स्पष्ट लिहा की हा पाळलेला तिलापिया आहे आणि अमुक मत्स्यशेतीने दिलाय. लपवायचं काही नाही, देणाऱ्याचं नावही होतं आणि ज्याला खायचा नाही तो स्वतः ठरवतो.

मातकटपणाचं काय, तर ती तक्रार खरी आहे पण त्याचा मासा खराब असण्याशी संबंध नाही. तळ्यातले काही जिवाणू आणि निळी-हिरवी शेवाळं जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो त्यातही तेच असतं. मासा ते कल्ल्यांवाटे ओढून घेतो आणि ते चरबीत साठतं. माणसाच्या नाकाला ते इतक्या कमी प्रमाणातही कळतं की पाण्यात कणभर असलं तरी जेवणारा तोंड वाकडं करतो. अपाय काही नाही, फक्त चव जाते. उपाय तळ्यावरच आहे, काढायच्या आधी काही दिवस मासे स्वच्छ वाहत्या पाण्याच्या टाकीत ठेवायचे म्हणजे वास उतरतो, आणि शेवटचा एखादा दिवस खाद्य बंद करायचं म्हणजे पोट रिकामं राहतं आणि साफ करायलाही सोपं जातं. देणाऱ्याला आधीच सांगितलंत तर तो हे सहज करू शकेल, आदल्या दिवशी सांगून काही उपयोग नाही.

आणि एक नमुना मागवा, म्हणजे आठवडाभर आधी त्याच तळ्यातले दोन मासे. मसाला नाही, मीठसुद्धा नाही, नुसता वाफवून ग्रुपमधल्या चार जणांनी चाखायचा. अमेरिकेत कॅटफिशच्या धंद्यात हे काम करणारी माणसं पगारावर असतात, तळ्यातला नमुना शिजवून चाखतात आणि मातकट लागला तर त्या तळ्यातले मासे काढायचेच नाहीत, थांबायचं. तुमच्या ग्रुपमधला अर्धा वाद त्या एका चाखण्यात मिटेल असं मला वाटतं, कारण आत्ता सगळे ऐकीव गोष्टींवर भांडतायत. थोडासा मातकट लागला तर लिंबू, व्हिनेगर यांसारख्या आंबटाने तो कमी होतो. साफ करताना पोटाच्या आत काळसर पातळ पापुद्रा असतो तो बोटाने किंवा कापडाने खरवडून काढायचा, आणि कातडं काढून टाकलं, कडेचं गडद लालसर मांसही काढलं तर बराच फरक पडतो.

आता खरी काळजीची गोष्ट, आणि ती तळ्याची नाही, तुमच्या स्वयंपाकघराची आहे. पत्रात तुम्ही औषधांवर दोन परिच्छेद लिहिलेत आणि रात्रभर मसाला लावून ठेवण्यावर एक ओळ, मला मात्र त्या एका ओळीने जास्त घाबरवलं.

जरा हिशोब करू. १२० किलो मासा, एकेक अर्ध्या किलोचा धरला तर २४० मासे. खवले काढणं, पोट फाडून आतडी काढणं, कल्ले काढणं, धुणं, तुकडे करणं, हात बसलेल्या माणसाला एका माशाला चारेक मिनिटं तरी लागतात. म्हणजे १६ तासांचं काम, दोघांत वाटलं तर आठ-आठ तास, न उठता. बाकीचे सात-आठ जण मदतीला बसतील हे खरं, पण नवख्या माणसाला एका माशाला दहा मिनिटं लागतात, त्यात पित्ताची हिरवट पिशवी फुटते, मांस कडू होतं, हात कापतो, आणि हात बसलेला माणूस स्वतःचं काम सोडून शिकवत बसतो. या सगळ्या वेळात उरलेले मासे कुठे असतात? टेबलावर, घमेल्यात, दिव्याखाली. जास्त हात म्हणजे लवकर काम हे तुमचं दुसरं गृहीत, ते कांदा चिरायला खरं आहे, मासे साफ करायला नाही.

जिवाणू ५ ते ६० डिग्रीच्या मधे झपाट्याने वाढतात, त्यामुळे नियम असा की नासणारं कुठलंही अन्न त्या मधल्या तापमानात एकूण मिळून दोन तासांच्या वर राहू नये, उकाडा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. 'एकूण मिळून' हे महत्त्वाचं, अर्धा तास गाडीत, तासभर टेबलावर, परत अर्धा तास मसाला लावताना, संपले दोन तास. रात्रभर झाकून ठेवलेलं भांडं या हिशोबात कुठेच बसत नाही. मीठ-मसाला-लिंबू लावलं की मासा टिकतो असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात, पण रश्शाच्या मापाने लावलेलं मीठ टिकवायला पुरत नाही आणि लिंबाने मांस पांढरं दिसायला लागलं तरी जिवाणू मेलेले नसतात.

काका म्हणतील शेवटी उकळणारच आहे ना, सगळं मरतं. हे बहुतेकांना पटतं म्हणूनच ते धोक्याचं आहे. जिवाणू मरतात, पण काही जिवाणू वाढताना विष सोडतात आणि ते उकळून जात नाही. स्टॅफिलोकॉकस हा त्यातला नेहमीचा, तो आपल्याच हातावर, नाकात, जखमेत, फोडात असतो, म्हणजे दहा जणांचे हात लागलेला मासा रात्रभर उबेत राहिला तर सकाळी कितीही खदखदवला तरी जेवणारे काही तासांत उलट्या करायला लागू शकतात. आणि सकाळी केलेला रस्सा दिवसभर मोठ्या पातेल्यात ठेवणं हा दुसरा धोका, मोठं पातेलं मधून तासन् तास कोमट राहतं. 'आजवर काही झालं नाही' हे खरं असेलही, पण जेवून गेलेल्या माणसाला रात्री पोट बिघडलं तर तो तुम्हाला फोन करून सांगतो थोडाच, तो बाहेरच्या पाण्याला नाव ठेवतो.

मग करायचं काय, तर माझ्या मते चार वाटा आहेत आणि त्यातली पहिलीच मला सगळ्यात बरी वाटते. कमी मासे घ्या. दिलं तेवढं सगळं घ्यायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तिलापियाचं डोकं-आतडी-पर काढून तुकडे केले तर साधारण निम्मं वजन हातात येतं, बिनकाट्याचे फिलेट काढले तर एक तृतीयांशच. माणशी दीडशे ग्रॅम तुकडे धरले, बाकी जेवण आहेच, तर २०० माणसांना ३० किलो तुकडे लागतात, म्हणजे ६० किलो अख्खा मासा, वाढीव धरून ७०-७५. 'आम्हाला ७५ किलो पुरेल, त्याहून जास्त आम्ही नीट सांभाळू शकणार नाही' असं देणाऱ्याला सांगणं हा त्याच्या मालाचा मानच आहे, ४५ किलो मासा तुमच्या हातून वाया जाण्यापेक्षा त्याने तो विकावा.

दुसरी वाट, त्यालाच विचारा की साफ करून मिळेल का. बऱ्याच मत्स्यशेतीवाल्यांकडे साफ करणारी सवयीची माणसं असतात, त्या मजुरीचे पैसे तुम्ही द्या, कूपनाच्या पैशातून गेले तरी चालतील. यात कमीपणा काही नाही. उलट पहिल्या दोन वाटा एकत्र केल्या, ७५ किलो आणि तेही साफ केलेला, तर तुमची निम्मी काळजी गेली.

तिसरी, आधीच घेऊन फ्रीझ करणं. ही दिसते सोपी पण घरच्या फ्रीझरमध्ये एकदम पन्नास-साठ किलो कोंबला तर तो गोठायला दिवस लागतात, मधला मासा तोवर नुसता थंड, आणि शेजारचं गोठलेलंही सुटायला लागतं. मोठा कमर्शियल फ्रीझर कुणाचा मिळत असेल तरच, पातळ थर करून. गोठवलेला मासा आदल्या दिवशीपासून फ्रीजमध्ये वितळू द्यायचा, टेबलावर नाही. आणि देणाऱ्याने हवा काढून बंद केलेल्या पाकिटांत गोठवून दिला तर वितळायला ठेवायच्या आधी पाकिटाला कात्री लावा, हवा नसलेल्या बंद पाकिटात मासा सैल झाला की बॉट्युलिझम या जिवावरच्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो आणि त्यातले काही प्रकार फ्रीजच्या थंडीतही वाढतात.

चौथी वाट म्हणजे अख्खाच घ्यायचा आणि स्वतः साफ करायचा, काका म्हणतात तसा, फक्त वेळ आणि बर्फ बदलून. हे करायचं असेल तर पूर्ण तयारीने करा.

बर्फ माशाच्या वजनाइतका घ्या, किलोला किलो. लोकांना हे फार वाटतं, पण ३० डिग्रीचा एक किलो मासा शून्यावर आणायलाच साधारण एक तृतीयांश किलो बर्फ वितळतो, उरलेला बर्फ बाहेरच्या उकाड्याशी झुंजण्यात जातो. आईसबॉक्समध्ये खाली बर्फ, मग माशांचा थर, मग बर्फ, असं वरपर्यंत, आणि वितळलेलं पाणी खालून निघून गेलं पाहिजे, मासा त्या पाण्यात तरंगत नको. असा ठेवलेला ताजा मासा आठवडाभरही चांगला राहतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी आला तरी रात्री जागरण करून साफ करायची गरजच नाही. रात्री फक्त बर्फ बघा, कमी झाला तर घाला, आणि झोपा सगळे.

सकाळी कामाला बसा. बॉक्समधून एका वेळी दहाच मासे बाहेर, ते साफ होऊन तुकडे परत बर्फावरच्या भांड्यात गेले की मग पुढचे दहा. दोन हात बसलेली माणसं वीसेक मिनिटांत दहा मासे काढतात, म्हणजे एकही मासा अर्ध्या तासाच्या वर उघड्यावर राहत नाही. ७५ किलोचे दीडशे मासे म्हणजे पाच तास आणि मधली विश्रांती, दुपारपर्यंत होतं. हौशी मंडळींना कापायला बसवू नका, त्यांना बाकीचं खूप आहे: बर्फ आणणं, खवल्यांची साफसफाई, घाणीची पिशवी दर अर्ध्या तासाने बांधून बाहेर नेणं, पाणी, भांडी, घड्याळ बघणं. घड्याळ बघणारा एक माणूस खरंच नेमा, हातात कागद, कुठले दहा किती वाजता बाहेर आले ते लिहिणारा. दोघातिघांना खवले काढायला शिकवा, ते जमतं. ज्याला शिंका-खोकला आहे, पोट बिघडलंय किंवा हाताला पू झालेली जखम आहे त्याने खाण्याला हातच लावायचा नाही, त्याला कूपनांच्या टेबलावर बसवा.

शिजवताना तुकड्याच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून बघा, ६३ डिग्री हे माशासाठी कमीत कमी धरतात, पण एवढ्या माणसांना घालताना मी ७० च्या पुढेच नेईन, रश्शात त्याने काही बिघडत नाही. शिजवायला दुपारी उशिरा घ्या म्हणजे जेवणाला जवळ, आणि मग ६० च्या वर गरम ठेवा. मासा न खाणाऱ्यांचं जेवण, त्यांचे डाव, त्यांचं तेल पूर्ण वेगळं, कारण माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला ज्या तेलात मासा तळला त्याच तेलातलं काहीही चालत नाही, अपाय करणारं माशातलं प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. उरलेला रस्सा डब्यात भरून घरी न्यायची पद्धत असेल तर जो दोन तासांच्या वर कोमट पडून राहिला तो नाही म्हणजे नाही, कितीही वाईट वाटलं तरी. आणि सार्वजनिक जेवणासाठी अन्न खात्याचा परवाना किंवा नोंदणी लागते का ते तुमच्या इथे आधीच विचारून घ्या, एका फोनचं काम आहे.

एक गोष्ट मला वेगळी सांगायचीय, काकांसाठी. तिलापियाच्या पाठीवरचे काटे चांगले टोकदार असतात. १९९५-९६ च्या हिवाळ्यात टोरांटोमध्ये काही लोकांच्या हाताला अचानक सूज, लाली, ताप असं व्हायला लागलं, शोध घेतल्यावर कळलं की त्यांनी घरी ताजा अख्खा पाळलेला मासा साफ केला होता, बहुतेकांनी तिलापिया, हाताला काटा टोचला किंवा सुरी लागली होती, आणि माशांमधला स्ट्रेप्टोकॉकस इनिए नावाचा जिवाणू जखमेतून आत गेला होता. त्यातले बरेच जण वयस्कर होते. घाबरून जाण्यासारखं नाही, औषधांनी बरे होतात, पण तुम्ही लिहिलंय की काकांना डायबेटिस आहे आणि ते ग्लोव्हज घालत नाहीत. त्यांना जाड, न कापणारे ग्लोव्हज आणून द्या, डाव्या हातात तरी घालाच म्हणा, आणि टोचलं तर 'चालतंय' म्हणून पुढे जायचं नाही, लगेच साबणाने धुवायचं, दुसऱ्या दिवशी हात सुजला तर डॉक्टरकडे जायचं आणि मासा साफ करताना लागलं हे डॉक्टरला आवर्जून सांगायचं. हे ग्रुपमधल्या प्रत्येकालाच लागू आहे.

आणि आता काकांशी बोलायचं कसं, जे तुम्हाला सगळ्यात अवघड वाटतंय.

तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे, बहुतेक तुम्ही सहज लिहिलं असेल, की गेल्या वर्षी काका रात्री एक वाजेपर्यंत एकटेच उभे होते आणि दुसऱ्या दिवशी जेवणाला न थांबता घरी गेले. मी त्या वाक्यावर बराच वेळ थांबले. तुम्ही धरून चाललाय की काकांना ही पद्धत सोडायची नाही. मला शंका येते की त्यांना कुणी दुसरी पद्धत दिलीच नाही, काम कुणीतरी करायला हवं म्हणून ते रात्रभर करत राहिले. कदाचित ते चिडतीलही, मी नाही म्हणत नाही. पण आधीच मनात ठरवून जाऊ नका.

सगळ्यांच्या मीटिंगमध्ये हा विषय काढू नका. त्यांच्या घरी जा, एकट्या. तिथे जिवाणूंचं भाषण नको, आणि 'तुमची पद्धत चुकीची' असं तर नकोच, कारण ते इतकी वर्षं त्यांनी दिलेल्या रात्रींना लागतं. 'काका, यंदा माणसं वाढलीत आणि नाव माझं आहे, मला झोप लागत नाहीये. मासा रात्रभर बर्फाबाहेर नको एवढं एक माझं ऐका, बाकी चव, मसाला, रस्सा सगळं तुमचंच' असं काहीसं म्हणा, तुमच्या शब्दांत. बर्फ आणि वेळ या दोन गोष्टींवर मात्र मागे हटू नका, हसून पण ठाम. त्यांनी 'मग माझी गरजच काय' म्हटलं तर त्याचं उत्तर तयार ठेवा आणि ते खरं असू द्या: नवख्यांना खवले काढायला शिकवायला, नमुना चाखून मातकट आहे की नाही सांगायला, कल्ले बघून मासा परत पाठवायचा की ठेवायचा ठरवायला त्यांच्याइतकं कळणारं ग्रुपमध्ये कुणी नाही.

आणि तरीही ऐकलं नाही तर? तर मासे साफ करून घेण्याची वाट धरा आणि मजुरीचे पैसे भरा, म्हणजे रात्री साफ करायला काही उरतच नाही, फक्त ते त्यांना आधी सांगून करा, परस्पर नको.

जमलं तर मत्स्यशेतीवाल्यांना फोन काकांच्या घरूनच लावा, स्पीकरवर, आणि प्रश्न काकांना विचारू द्या. तळं कधी काढणार, खाद्य कधी बंद करणार, औषध शेवटचं कधी दिलं, बर्फ किती आणणार. मासा कळणारा माणूस मासा पाळणाऱ्याला विचारतोय यात संकोच वाटायचं काही उरत नाही, आणि किती किलो घ्यायचे ते तुम्ही तिघं मिळून तिथल्या तिथे ठरवून टाकाल.